साक्षीला कोण?

"माझे दीर डॉक्टर आहेत. इथेच, एनएचएसमध्ये. त्यांनी लिहिलं तर वजन पडेल की नाही?"

ताईंचा फोन आला तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. ताई मूळच्या कराडच्या. लग्न होऊन इंग्लंडात आल्या आणि गेली चौदा वर्षं लंडनच्या पश्चिमेला स्लाऊमध्ये राहतात. वय ४१. भारतात बी.कॉम. झालेलं, इथे एका प्राथमिक शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम. धाकटा मोठ्या शाळेत गेला आणि त्यांनी ठरवलं, आता नर्सिंगची पदवी घ्यायची. अर्ज ऑनलाइन होता. नाव, पत्ता, दहावी-बारावीचे गुण सगळं भरून झालं आणि गाडी एका चौकटीपाशी येऊन थांबली: रेफरी, म्हणजे रेफरन्स लिहून देणारा माणूस.

दीर चालणार नाहीत म्हटल्यावर मंडळाचे अध्यक्ष निघाले. "ओळखतात की आम्हाला, गणपतीत दरवर्षी भेटतात." मग कराडच्या कॉलेजातले प्राचार्य. ते हयात आहेत का, हे आधी कुणाला तरी विचारावं लागणार होतं. शेवटी जरा वैतागून, "मग तूच लिही की."

चारही नावं बाद होती, पण सगळ्यांचं कारण एक नव्हतं. ती कारणं फोनवर सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की ताईंना नियम ठाऊक नव्हता एवढीच अडचण नव्हती. रेफरन्स म्हणजे काय, याची आपल्याकडची कल्पनाच वेगळी आहे.

ब्रिटनमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाचे बहुतेक सगळे अर्ज यूकास या एकाच संस्थेमार्फत जातात. तिचं कार्यालय चेल्टनहॅमला. १९६१ साली विद्यापीठांनी मिळून अशी मध्यवर्ती व्यवस्था उभी केली, पॉलिटेक्निकांची वेगळी होती, पुढे दोन्ही एकत्र होऊन आजची यूकास झाली. एका अर्जात पाच अभ्यासक्रम निवडता येतात आणि त्या पाचांसाठी मिळून एकच रेफरन्स जातो. अर्जदाराला ओळखणाऱ्या जबाबदार माणसाने लिहिलेला, आणि अर्जदाराच्या हातून न जाता थेट संस्थेकडे पोचणारा. शाळेतल्या मुलांना याची झळ लागत नाही. शाळाच लिहिते, अपेक्षित गुणही शाळाच भरते. खरी पंचाईत होते ती शाळा सोडून बरीच वर्षं झालेल्यांची. त्यांना इथे 'मॅच्युअर स्टुडंट' म्हणतात. पदवी सुरू करताना वय २१ किंवा त्याहून जास्त असलं की तुम्ही मॅच्युअर, आणि पदव्युत्तर शिक्षणाला ही रेषा २५ वर. आपण मॅच्युअर म्हणतो ते समजूतदार या अर्थाने, त्यामुळे २१ व्या वर्षी सरसकट तो किताब देणं जरा धाडसाचंच. 'प्रौढ विद्यार्थी' म्हणावं तर डोळ्यांपुढे कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरं गिरवणारे आजोबा येतात. तेव्हा शब्द तसाच ठेवू.

यूकासचा नियम असा, की नातेवाईक, मित्र, जोडीदार यांच्यापैकी कुणीही रेफरी होऊ शकत नाही. माजी जोडीदारसुद्धा नाही. हे माजीचं कलम वाचून मला नेहमी वाटतं, तो प्रयोग कुणीतरी करून पाहिलेला असणार. नियम मोडल्याचं लक्षात आलं तर अर्जच रद्द होऊ शकतो. म्हणून दीर गेले आणि मीही गेले.

अध्यक्षांचं मात्र नियमात कुठेच अडत नव्हतं. अडत होतं ते निराळ्याच ठिकाणी. आपल्याकडे प्रवेश गुणांवर होतो. शाळा सुटलेल्याला दहावी द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरायचा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यायची तरी 'हा माणूस शिकू शकेल का' असं तिसऱ्या कुणाला कुणी विचारत नाही. आपल्याला जे कागद माहीत असतात ते दाखले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो आणि त्यात 'चांगली' असं लिहिलेलं असतं. वर्गात बेडूक सोडणाऱ्याचीही चांगली आणि पहिल्या बाकावर बसणारीचीही चांगली. चारित्र्याचा दाखला नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी देतो, आणि बऱ्याचदा त्या क्षणी तो आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो. त्याने आपल्याला ओळखावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. किंमत गोल शिक्क्याची असते. त्यामुळे रेफरी म्हटलं की आपलं मन आपोआप विचारतं, ओळखीतला सगळ्यात मोठा माणूस कोण?

इथला प्रवेश अधिकारी वाचतो ते साक्ष म्हणून. कोर्टात साक्षीला गावातला प्रतिष्ठित माणूस बोलावत नाहीत, जो त्या वेळी तिथे हजर होता त्याला बोलावतात. रेफरीचा हुद्दा महत्त्वाचा, पण तो एवढ्यापुरताच, की तुम्हाला काम करताना किंवा शिकताना बघायची संधी त्याला होती का, हे कळावं. गणपतीच्या आरतीला दरवर्षी भेटणाऱ्या अध्यक्षांनी ताईंना मोदक वाढताना पाहिलं होतं, निबंध लिहिताना नाही.

हा फरक आपल्याच इतिहासातल्या एका उदाहरणात स्वच्छ दिसतो. १९२० साली सिडनहॅम कॉलेजातली नोकरी सोडून डॉ. आंबेडकर अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले तेव्हा ते २९ वर्षांचे होते, म्हणजे आजच्या हिशेबाने मॅच्युअरच. पैशाच्या बाजूने त्यांच्या पाठीशी शाहू महाराज होते, नवल भथेना हे पारशी स्नेही होते. पण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली ती कोलंबिया विद्यापीठातल्या प्रा. सेलिग्मन यांनी. सेलिग्मन यांनी त्यांना शिकवलं होतं. महाराजांच्या शब्दाला वजन नव्हतं असं कोण म्हणेल? पण अर्थशास्त्राच्या वर्गात त्यांना पाहिलेला माणूस सेलिग्मन होता.

आता प्राचार्यांचं. ताईंना कॉलेज सोडून वीस वर्षं झाली होती. ज्यांनी शिकताना पाहिलं ते निवृत्त झाले, गाव बदलून गेले, काही गेलेच. आणि समजा सापडले, तरी दीडशे मुलांच्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसलेली मुलगी त्यांना काय आठवणार? मॅच्युअर विद्यार्थ्याची खरी अडचण ही आहे. शिकण्याची साक्ष देणारं कुणी उरलेलं नसतं, आणि जे रोज बघतात त्यांनी आपल्याला शिकताना पाहिलेलं नसतं.

म्हणून बहुतेकजण वळतात नोकरीच्या ठिकाणी. यूकासलाही ते मान्य आहे: शाळा सोडून फार वर्षं झाली असतील तर वरिष्ठ, प्रशिक्षक, स्वयंसेवी कामावर देखरेख करणारी व्यक्ती, यांपैकी कुणीही चालतं. पण इथे एक खाचखळगा आहे. पुष्कळ ब्रिटिश कंपन्यांत कर्मचाऱ्याबद्दल लिहून मागितलं की मनुष्यबळ विभाग दोन ओळी पाठवतो. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर होते. संपलं. हा कोरडेपणा उगाच आलेला नाही. स्प्रिंग नावाच्या एका विमा विक्रेत्याला जुन्या मालकाने दिलेल्या वाईट रेफरन्समुळे नवी कामं मिळेनात. तो गार्डियन अ‍ॅश्युरन्सविरुद्ध कोर्टात गेला आणि १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की रेफरन्स निष्काळजीपणे लिहून कुणाचं नुकसान केलं तर लिहिणारा मालक जबाबदार धरला जाऊ शकतो. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने न्याय्यच निकाल. पण वकिलांचा सल्ला घेणाऱ्या कंपन्यांनी त्यातून सोपा धडा काढला: लिहायचंच कमी. दोन तारखांवर कोण खटला भरणार?

विद्यापीठाला त्या दोन तारखांचा काही उपयोग नाही. तेव्हा विचारताना थेट वरिष्ठांना गाठायचं आणि हे नोकरीसाठी नसून शिक्षणासाठी आहे, हे आधी सांगायचं. हा भेद कळला की पुष्कळ वरिष्ठ कंपनीची परवानगी काढून मनापासून लिहितात. मोठ्या साहेबापेक्षा रोजचा पर्यवेक्षक बरा. वृद्धाश्रमातली रात्रपाळीची प्रमुख, गोदामातला पाळीप्रमुख, दातांच्या दवाखान्याची व्यवस्थापक. घरी बसलेल्यांना, म्हणजे मुलांमुळे किंवा आजारी माणसामुळे नोकरी न केलेल्यांना, स्वयंसेवी कामाचा आधार होतो: धर्मादाय दुकान, फूड बँक, शाळेत मुलांकडून वाचून घेणं. मात्र तिथेही आठवड्यातून एकदा का होईना, नियमित जायला हवं. अर्जाच्या आधी पंधरा दिवस उगवलेला स्वयंसेवक कुणालाही ओळखू येतो.

तरी माझं मत विचाराल तर नोकरीतला साक्षीदार ही दुसऱ्या पसंतीची गोष्ट. पहिली पसंती नवा शिक्षक मिळवण्याला. जुना सापडत नाही ना, मग पुन्हा एकदा कुणाच्या तरी वर्गात जाऊन बसायचं. इंग्लंड-वेल्समध्ये यासाठी 'अ‍ॅक्सेस टू हायर एज्युकेशन' नावाचा रुळलेला रस्ता आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला, १९ वर्षांवरच्या आणि बारावीच्या तोडीची इथली पात्रता नसलेल्या लोकांसाठी. ६० श्रेयांकांची ही पदविका, त्यातल्या ४५ श्रेयांकांना श्रेणी मिळते, आणि अर्जाची वेळ येते तेव्हा रेफरी शोधावा लागत नाही. वर्गशिक्षकच लिहितात, शाळेतल्या मुलांसारखं. ऑक्सफर्डला हॅरिस मँचेस्टर हे फक्त मॅच्युअर विद्यार्थ्यांचं कॉलेज आहे, केंब्रिजला ह्यूज हॉल, सेंट एडमंड्स आणि वुल्फसन ही तीन. अशा ठिकाणी अलीकडे काही अभ्यास केल्याचं दिसावं अशी अपेक्षा असते, आणि अलीकडचा अभ्यास म्हणजे अलीकडचा शिक्षक. ज्यांना हे सगळंच नको, त्यांच्यासाठी ओपन युनिव्हर्सिटी आहे. १९६९ साली स्थापन झाली ती दार उघडं ठेवायचं म्हणूनच. बहुतेक पदव्यांना ना गुणांची अट, ना रेफरीची.

बरं, माणूस मिळाला. त्याने काय लिहायचं? २०२४ च्या प्रवेशापासून यूकासने रेफरन्सचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात शाळेची किंवा संस्थेची माहिती, दुसऱ्यात अर्जदाराच्या शिक्षणावर परिणाम झालेली काही विशेष परिस्थिती, तिसऱ्यात विद्यापीठाला कळायला हवं असं आणखी काही. शाळेबाहेरच्या रेफरीने आपण अर्जदाराला कोणत्या नात्याने आणि किती काळ ओळखतो, हे सांगणं आलंच. दुसरा भाग मॅच्युअर मंडळींच्या फार उपयोगाचा. मध्ये आठ वर्षांची पोकळी का, नापास कधी आणि कशामुळे, सासूबाईंचं आजारपण, स्थलांतर. हे स्वतःच्या निवेदनात लिहिलं तर रडगाणं वाटायची भीती असते. दुसऱ्याने दोन वाक्यांत लिहिलं की ती माहिती होते. अर्थात अर्जदाराच्या संमतीशिवाय असं काही लिहायचं नसतं, तेव्हा काय सांगायचं आणि काय नाही, ते आधी बोलून घ्यावं.

आणि तिसऱ्या भागात विशेषणं नकोत. 'मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी' ही आपली ठरलेली आरती इथे वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून घसरून जाते. त्यातला 'आज्ञाधारक' तर उलटाच लागू पडायचा, कारण विद्यापीठाला प्रश्न विचारणारी माणसं हवी असतात. त्यापेक्षा एक प्रसंग पुरतो. समजा वृद्धाश्रमाच्या पर्यवेक्षिकेने लिहिलं, की पाळी बदलताना भरायचा तक्ता गोंधळाचा होता, या बाईंनी तो स्वतःहून नव्याने आखला, आणि आता सगळी इमारत तोच वापरते. यात मेहनत आली, बुद्धी आली, लिहिता येतं हेही आलं, आणि 'मेहनती' हा शब्द कुठे लागला नाही.

इथे आपली एक सवय आडवी येते. कॉलेजात सरांकडे शिफारसपत्र मागायला गेलं की सर मान वर न करता म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपण ते गंभीरपणे लिहितो, स्वतःला 'तेजस्वी' म्हणतो आणि सरांच्या टेबलावर ठेवतो. ब्रिटनमध्ये ही सरळ फसवणूक समजली जाते. शिवाय ती पकडली जाते. अर्जदाराचं निवेदन आणि रेफरीचं पत्र शेजारी शेजारी वाचलं जातं, आणि दोन्हींत तीच लकब, तीच चूक असली तर वाचणारा थांबतो. २०२६ च्या प्रवेशापासून निवेदनही एकसलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांच्या रूपात लिहायचं आहे: हा विषय का, आधीच्या शिक्षणाने काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. तिथे जे सांगून झालं तेच रेफरीने पुन्हा सांगण्यात काय अर्थ? त्याने ते सांगावं जे आपल्याला स्वतःबद्दल सांगता येत नाही.

मदत मात्र जरूर करावी. अभ्यासक्रमांची नावं, निवेदनाचा मसुदा, एका पानाचा जीवनक्रम आणि शेवटची तारीख एवढं रेफरीला पाठवावं. "तुम्ही मला ओळखताच" म्हणून सोडून देऊ नये. ओळखणारा माणूसही तारखा विसरतो. वैद्यक, दंतवैद्यक, पशुवैद्यक आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत ऑक्टोबरच्या मध्याला, बाकी बहुतेकांची जानेवारीत. जानेवारीच्या मुदतीसाठी नाताळच्या आठवड्यात विचारणं म्हणजे लग्नघरी जाऊन वाणसामानाचा हिशेब मागण्यासारखं. यूकासकडून रेफरीला ईमेलवर दुवा जातो आणि तो बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन बसतो, म्हणून दोन दिवसांनी सभ्यपणे विचारावं. ईमेलचा पत्ता शक्यतो कामाच्या ठिकाणचा द्यावा. पदव्युत्तर अर्जांना तर सहसा दोन रेफरी लागतात आणि अनेक विद्यापीठं संस्थेचाच पत्ता मागतात. आपल्याकडच्या कितीतरी प्राध्यापकांचा सगळा व्यवहार जीमेलवर चालतो. त्यावरून शंका घेतली जाते आणि पत्र अडकतं. सर निवृत्त झाले असतील तर विभागप्रमुखांनी कॉलेजच्या पत्त्यावरून दोन ओळी पाठवणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

कुणीच मिळत नसेल तर? निवडलेल्या विद्यापीठांना आधी विचारायचं, रेफरन्सशिवाय अर्ज चालेल का. सगळ्यांनी हो म्हटलं तर मार्ग निघतो. प्रवेश विभागाला फोन करायला आपल्या लोकांना फार संकोच वाटतो, आपण काहीतरी लपवतोय असं वाटेल म्हणून. तिथे बसलेल्या माणसाचं कामच ते आहे.

ताईंनी त्या वर्षी अर्ज केला नाही. माझाच सल्ला होता, आणि तो देताना मला बरं वाटलं नव्हतं, कारण ४१ व्या वर्षी 'एक वर्ष थांबा' म्हणणं सोपं नसतं. नर्सिंगला गणिताची इथली पात्रता लागते. भारतातली दहावी त्याच्या तोडीची धरली जाईल का या घोळात न पडता त्यांनी जवळच्या कॉलेजात संध्याकाळचा गणिताचा वर्ग लावला. वर्गात दोन पोलिश सुतार, एक सोमाली आजी, बाकी विशीतली मुलं. शिक्षक साठीकडे झुकलेले, मितभाषी. दिवाळीनंतर अपूर्णांक सुरू झाले. ताईंच्या आजोबांचं कराडला किराणा दुकान होतं. त्यांनी नातीकडून अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी सगळं पाठ करून घेतलं होतं. वीस वर्षं ते कुठे होतं देव जाणे, पण २४ चे तीन चतुर्थांश किती म्हटल्यावर वर्ग पेन्सिल शोधत असताना ताईंच्या तोंडून उत्तर बाहेर पडलं. मग मधल्या सुट्टीत सुतार त्यांच्या बाकापाशी येऊ लागले.

पुढच्या सप्टेंबरात ताईंनी त्याच शिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, लिहीन. काय लिहिलं ते ताईंना कळलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

नर्सिंगला मुलाखत असते. फेब्रुवारीत ती झाली. समोर दोन प्राध्यापिका आणि एक अनुभवी परिचारिका. नर्सच का व्हायचं, रुग्ण ओरडला तर काय कराल, हे प्रश्न झाले. मग परिचारिकेने समोरचा कागद उलटला आणि विचारलं, "मागच्या बाकावर तुम्ही इतरांना अपूर्णांक शिकवत होता, असं इथे लिहिलंय. कसं शिकवत होता?"

ताई सांगायला लागल्या, आमच्याकडे याचे पाढे असतात म्हणून. पण पावकीला इंग्रजीत काय म्हणतात ते काही सुचेना. तेव्हा त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद मागून घेतला आणि एकाखाली एक लिहायला सुरुवात केली: पाव, अर्धा, पाऊण, एक.